खूण केली आणि पुढच्या घरी गेले

आर्णी तालुक्यातल्या एका गावात, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी एका बाईला विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत, आपण मेलेलं बरं असा विचार तुमच्या मनात किती दिवस आला?" माझ्या हातात छापील फॉर्म होता. उत्तरासाठी चार चौकोन होते : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. बाई ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "रोजच येते व बाई." मी चौथ्या चौकोनात खूण केली, "येते काकू" म्हटलं आणि पुढच्या घरी गेले. दिवसाला बारा फॉर्म भरायचे होते. तो आठवा होता.

तीन आठवड्यांनी त्याच गावात पुन्हा जावं लागलं. काही फॉर्मांतले रकाने रिकामे राहिले होते, ते भरून आणा असा निरोप होता. त्या बाईचा फॉर्म पूर्ण होता, म्हणजे तिच्याकडे जायचं मला कारणच नव्हतं. तिनेच मला रस्त्यात गाठलं. "त्या दिवशी तू मले इचारलं," ती म्हणाली, "मंग त्याचं काय झालं?"

मला वाटलं ती एखाद्या योजनेबद्दल विचारते आहे. मी ठरलेलं उत्तर दिलं, की हा फक्त अभ्यास आहे, यातून काही लाभ मिळेल असं आम्ही म्हटलेलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "पैशाचं नाई म्हनत व मी. मी सांगतलं न तुले. कोनालेच नोतं सांगतलं."

या लेखात मी जे भांडण मांडणार आहे ते त्या बाईच्या वतीने नाही. तिने मला वकीलपत्र दिलेलं नाही. भांडण माझं आहे. मला जे शिक्षण मिळालं त्याच्याशी आहे, आमच्या भागात येऊन फॉर्म भरून नेणाऱ्यांशी आहे, आणि मैत्रिणींनो, थोडं आपल्याशीही आहे.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. संशोधन पद्धतीचा पेपर होता. मानसशास्त्राच्या मैत्रिणींनाही जवळजवळ तोच होता. त्यात संख्यात्मक पद्धती म्हणजे खरं शास्त्र. सरासरी, मध्यगा, प्रमाण विचलन, काय-स्क्वेअर, सगळी सूत्रं पाठ केली. चाचणीची विश्वसनीयता म्हणजे काय आणि यथार्थता म्हणजे काय, याच्या व्याख्या अजूनही झोपेत म्हणून दाखवीन. गुणात्मक पद्धती हे शेवटचं प्रकरण. ते शिकवायला वेळ उरला नाही, "घरी वाचून घ्या" असं सांगितलं गेलं. प्रबंधासाठी मी साठ बायकांच्या मुलाखती घेतल्या असं प्रबंधात लिहिलं आहे. त्यातल्या शेवटच्या काही मी एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून स्वतःच भरल्या. तारीख जवळ आली होती आणि मार्गदर्शकांना साठ हवे होते, त्रेपन्न चालणार नव्हते. तोंडी परीक्षेत कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? माझी बनवलेली उत्तरं खऱ्या उत्तरांपेक्षा जास्त सुसंगत होती. खऱ्या बाया मध्येच विषय बदलतात, एकदा हो म्हणून पुढच्या पानावर नाही म्हणतात. माझ्या बाकावरच्या बाया तसं काही करत नव्हत्या.

हे लिहिताना लाज वाटते. पण हा माझ्या एकटीच्या लबाडीचा प्रश्न असता तर तो मी मनातच ठेवला असता. ज्या शिक्षणात फॉर्मची संख्या मोजली जाते आणि फॉर्म भरताना काय घडलं हे कुणी विचारत नाही, ते शिक्षण एसटी स्टँडवरच्या बाकाकडेच नेतं. आज आमच्या भागात कंत्राटावर सर्वेक्षण करणारी मुलं-मुली फॉर्ममागे पैसे घेतात. त्यांना मी कोणत्या तोंडाने बोलू?

आता त्या फॉर्मकडे वळते. तो फॉर्म वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याला पीएचक्यू-नाइन म्हणतात. नैराश्य मोजण्याची ही नऊ प्रश्नांची यादी अमेरिकेत स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोएन्के यांनी १९९९ च्या सुमारास तयार केली, फायझर या औषध कंपनीच्या अर्थसाहाय्यातून. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले तर नैराश्याची शक्यता धरायची आणि पुढे तपासणी करायची. फुकट वापरता येते, दहा मिनिटांत होते, म्हणून जगभर पसरली. मराठीतही आली.

आर्णीच्या शिवारात ही यादी घेऊन फिरा. थकल्यासारखं, अंगात त्राण नसल्यासारखं वाटतं का? वेचणीच्या दिवसांत सकाळी सातपासून उन्हात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला हे विचारायचं. एकजण हसून म्हणाली, "तू येक दिवस वेचून पाय, मंग मीच तुले इचारतो." झोप नीट लागते का? शेतीपंपाची लाईन रात्रीची असते. नवरा ओलिताला जातो, ही अंधारात सापाच्या भीतीने जागी असते आणि पहाटे चारला उठते. भूक? सगळ्यांचं झाल्यावर उरलं त्यात जेवते, तिची भूक तिलाच ठाऊक नाही. या तीन प्रश्नांतच सहा-सात गुण सहज होतात. हे नैराश्य की वेचणी?

पुढचा प्रश्न त्याच्या उलट. वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागत नाही, असं होतं का? "पेपर कोन वाचते व बाई," असं उत्तर येतं. चौकोन कोणता? आमच्या चमूत ठरलं होतं, लागू नसेल तर शून्य. म्हणजे जिला वाचता येत नाही ती बाई, आमच्या हिशेबात, वाचणारीपेक्षा तीन गुणांनी सुखी होऊ शकते. एका निरक्षर बाईचं दुःख आम्ही तिच्या निरक्षरतेने कमी करून दाखवलं. संगणकात हे गेलं. बाहेर पडलं तेव्हा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत अचूक होतं.

आणि शब्द? फॉर्ममध्ये "उदास" होतं. आमच्याकडे तरण्या मुलींना तो शब्द मालिकांमुळे कळतो. त्यांच्या आया म्हणतात, जीव लागत नाई. डोक्शात कल्ला होते. घर खायले उठते. कायच गोड लागत नाई. भाषांतर तपासण्याची एक पद्धत आम्हाला शिकवली होती. मराठीत केलेलं पुन्हा इंग्रजीत करायचं आणि मूळाशी ताडून पाहायचं. त्या पद्धतीने "उदास" पास होतो, "पेपर वाचताना" हेही पास होतं. शब्द जुळतात, बाईचं आयुष्य जुळतं की नाही हे त्यात तपासलंच जात नाही. याला पुस्तकात यथार्थता म्हणतात, जिची व्याख्या मी झोपेत म्हणून दाखवीन असं वर लिहिलं आहे.

तांड्यावर तर याहून वाईट. घरात गोरमाटी बोलतात, म्हाताऱ्या बायांना आमची पुस्तकी मराठी जेमतेम कळते. दुभाषी कोण? शाळेतून आलेला नववीतला मुलगा. मी वाचायचे, तो आईला विचारायचा, आई बोलायची, तो मला सांगायचा. नववा प्रश्न आला. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तिला काहीही न विचारता मला म्हणाला, "नाही." मी शून्यावर खूण केली. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण त्या पोराच्या गळ्यात तो प्रश्न बांधणारी मी कोण होते?

इथपर्यंत वाचून आपल्यातल्या काहीजणी मान डोलावत असतील, की बघा, आम्ही म्हणतच होतो. आकडे म्हणजे पुरुषी शास्त्र, सरकारचं हत्यार. आपण अनुभवावर विश्वास ठेवतो. शिबिरात गोल करून बसायचं, एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, रडायचं, गाणं म्हणायचं. मीही त्या गोलात वाढले. त्याचं ऋण मी कधी नाकारणार नाही. पण "अनुभव बोलतो, आकडे मारतात" ही आपली जी सवयीची भूमिका झाली आहे, ती मला आता मान्य नाही. ती आळसातून आली आहे असं मी म्हणेन. राग आला तर यावा.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या, फार लांबचं नाही. १९८९ साली राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांचा अभ्यास. त्यांतल्या ५५ टक्के बायकांनी स्त्रीरोगाच्या तक्रारी सांगितल्या. ४५ टक्क्यांनी काही तक्रार नाही म्हटलं. तपासणी केल्यावर ९२ टक्के बायकांना काही ना काही रोग निघाला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढंच सरकारला दिसत होतं.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा, ५५ आणि ९२. नुसता गोल करून बसलो असतो, नुसते अनुभव ऐकले असते, तर आपण ५५ वर थांबलो असतो. उरलेल्या बायका खोटं बोलत नव्हत्या. सोसणं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सांगण्याजोगं वाटतच नव्हतं. बाई जे सांगते ते खरं, हे आपलं ब्रीद आहे आणि ते बरोबर आहे. पण जे ती सांगत नाही तेही खरं असू शकतं, आणि त्याच्यापर्यंत जायला मोजावं लागतं. उलट, गावाचा विश्वास नसता तर त्या खेड्यांतल्या बायका तपासणीला आल्याच नसत्या. म्हणजे ९२ हा आकडाही आधी कुणीतरी खूप ऐकलं होतं म्हणूनच मिळाला.

याच्याच जोडीला गोव्यातला अभ्यास वाचायला हवा. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ अडीच हजार बायकांना घेऊन केलेला, २००५ मध्ये छापला गेला. "अंगावरून पांढरं जातं" ही तक्रार बायका का करतात, असा प्रश्न होता. उत्तर असं आलं की या तक्रारीचं जंतुसंसर्गाशी नातं दुबळं आहे, आणि मनावरचा ताण, चिंता, निराशा यांच्याशी जास्त घट्ट आहे.

अर्धवट शिकलेली विद्यार्थिनी इथे गोंधळते. गडचिरोली म्हणते शरीरात रोग आहे, गोवा म्हणतो मनात ताण आहे. खरं कोण? दोन्ही. कारण प्रश्न वेगळे आहेत. एकाने विचारलं, सगळ्या बायकांत रोग किती जणींना आहे. दुसऱ्याने विचारलं, एक विशिष्ट तक्रार कोण करतं आणि तिच्यामागे काय असतं. प्रश्न कोणता, कुणाला, कशासाठी विचारला हे न बघता नुसता निष्कर्ष उचलला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. गोव्याचा अभ्यास चुकीच्या डॉक्टरच्या हाती पडला की तो पोटात दुखणाऱ्या बाईला न तपासता सांगतो, सगळं मनाचं आहे, घरी जा. म्हणूनच म्हणते, ही पद्धत आपल्याला यायला हवी. डॉक्टरशी, तहसीलदाराशी, संशोधकाशी भांडताना "तुमचा नमुना कसा निवडला? प्रश्न कुणासमोर विचारला?" एवढं विचारता आलं तरी समोरचा खुर्चीत सरसावून बसतो. मी पाहिलं आहे.

ॲन ओकली हे नाव काही वाचकांना माहीत असेल. या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ साली लिहिलं, की बायकांची मुलाखत पाठ्यपुस्तकात सांगतात तशी, म्हणजे आपण विचारायचं, तिने उत्तर द्यायचं आणि तिने उलट विचारलं तर टाळायचं, अशी घेणं शक्यच नाही. त्या बाळंतपणाबद्दल विचारत आणि बायका त्यांनाच उलट प्रश्न विचारत. त्या उत्तरं देऊ लागल्या. स्त्रीवादी संशोधनात हा लेख अजून शिकवतात. पण याच बाईंनी २००० साली दुसरं पुस्तक लिहिलं आणि त्यात मोजणीची, प्रयोगाची बाजू घेतली, हे मात्र सांगितलं जात नाही. बायकांवर केले जाणारे उपचार, औषधं, योजना खरंच उपयोगाच्या आहेत का हे मोजल्याशिवाय कळणार कसं, असा त्यांचा सवाल होता. आपण त्यांचा १९८१ चा लेख ठेवला आणि २००० चं पुस्तक विसरलो. सोयीचं तेवढं घेतलं.

आमच्या जिल्ह्यात मोजणी म्हणजे जिवावरचा विषय आहे. यवतमाळ म्हटलं की लोकांना शेतकरी आत्महत्या आठवतात. २०१४ च्या मार्चमध्ये आमच्या तालुक्यातल्या दाभडी गावात 'चाय पे चर्चा' झाली, साऱ्या देशाचे कॅमेरे आले आणि गेले. त्याआधी आणि नंतर अभ्यासगट किती आले त्याचा हिशेब गावालाच नाही. पण मोजतात कुणाला? २००६ पासून शासनाची एक लाखाची मदत मिळायला घरची जमीन, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, आणि वसुलीचा तगादा हे दाखवावं लागतं. मग प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. बाईने जीव दिला तर? सातबारावर तिचं नाव नाही, बँकेचं कर्ज तिच्या नावावर नाही. आयुष्यभर पेरलं, निंदलं, वेचलं, आणि पोलिसांच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात ती शेतकऱ्यांत नाही, गृहिणींच्या ओळीत आहे. संशोधन पद्धतीत याला चलाची व्याख्या म्हणतात. दोन गुणांचा प्रश्न असतो.

आणि मागे राहिलेली? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या ५०५ बायकांची पाहणी केली. जी जमीन त्या कसत होत्या ती ४० टक्के बायकांच्या नावावर झालेली नव्हती. हे काम आपल्यासारख्याच संघटनांनी केलं. त्यांतल्या एकेका बाईची कहाणी आपण सभेत सांगतच होतो. अधिकारी हळहळायचे आणि "अपवाद असतात ताई" म्हणायचे. ५०५ पैकी ४० टक्के म्हटल्यावर अपवाद हा शब्द त्यांना सहज तोंडातून काढता येत नाही.

आता आमची स्वतःची फजिती सांगते. त्या सर्वेक्षणानंतर मी आणि आमच्या गटातल्या काही बाया मिळून आमची स्वतःची छोटी यादी करायला बसलो. आधी शब्द गोळा केले. जीव लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं, कधी होतं, कुणाला सांगता. या बैठका मला सर्वांत आवडल्या. मग त्या शब्दांचे प्रश्न केले आणि दोन गावांत विचारून आलो. मोजलं तेव्हा असं दिसलं की विधवा बायांपेक्षा नवरा असलेल्या बाया जास्त त्रासात आहेत. गटात लगेच स्पष्टीकरणं सुरू झाली. दारुड्या नवऱ्यापेक्षा नसलेला बरा, असं एकीने म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मलाही ते पटलं, आपल्या विचारांत चपखल बसत होतं. पण एक वयस्क बाई म्हणाली, "पन विचारलं तवा सासू कोठी होती?"

फॉर्म पुन्हा काढले, विचारणाऱ्यांना आठवायला लावलं. विधवा सुनांच्या मुलाखतींत सासू, दीर किंवा जाऊ कोणी ना कोणी जवळ बसलेलंच होतं. पोराच्या मागे सून काय बोलते याच्यावर घराचं लक्ष असतं. घर, जमीन, एक लाखाची मदत, सगळं त्यात अडकलेलं. ती कशाला सांगेल की मला झोप येत नाही? नवरे असलेल्या बाया शेतात भेटल्या होत्या, मोकळ्या बोलल्या. आमचा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच गोष्टीचा होता. कुणाला एकटीने बोलायला मिळतं, ते त्याने मोजलं होतं.

खरं तर हे आम्हाला आधीच ठाऊक हवं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरगुती हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, तेही कुणी ऐकत नसेल तरच. तेवढी खासगी जागा मिळाली नाही तर तो भाग सोडून द्यायचा असा नियम आहे. २००५-०६ च्या पाहणीत लग्न झालेल्या ३७ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. तो आकडा आपण सगळ्यांनी पोस्टरवर लावला. त्यामागचा हा नियम आपल्यापैकी कितीजणींनी वाचला? सरकारी पाहणी म्हणून नाक मुरडताना, बाईला एकटीला बोलू द्यायचं ही गोष्ट त्यांच्या नियमपुस्तकात होती आणि आमच्या गटाच्या वहीत नव्हती, हे मला बोचतं.

कुणी म्हणेल, दोन्ही पद्धती एकत्र आणा म्हणणं सोपं आहे, करून कुणी दाखवलं? नव्वद वर्षांपूर्वी दाखवलं आहे. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. गिरणी बंद पडली, गाव बेकार झालं. मारी याहोडा या तरुण मानसशास्त्रज्ञ बाई, त्यांचे तेव्हाचे पती लाझार्सफेल्ड आणि त्झायझेल यांनी त्या गावाचा अभ्यास केला, पुस्तक १९३३ चं. त्यांनी घरातली जेवणं नोंदवली, वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं, लोकांच्या आयुष्याच्या कहाण्या लिहून घेतल्या. खिडकीतून घड्याळ लावून रस्त्यावरून कोण किती वेगाने चालतं, किती वेळा थांबतं हेसुद्धा टिपलं. पुरुष रेंगाळत होते, बायका भराभर जात होत्या. बेकारी पुरुषांना आली होती, चूल कुठे बंद पडली होती? हे कोणत्याही मुलाखतीत कुणी सांगितलं नसतं. आणि घड्याळाने दाखवलेल्या वेगाचा अर्थ घरात गेल्याशिवाय कळला नसता.

पण मला त्यांची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की गावात नुसता बघ्या म्हणून कुणी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येकाने गावाच्या काही उपयोगी पडायचं. कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, शिवणाचे वर्ग घेतले. त्या निमित्ताने जे कळलं ते लिहिलं. आमच्या चमूला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं की कुणाच्या घरच्या भानगडीत पडू नका, त्याने माहिती दूषित होते.

लंडनमध्ये कॅम्बरवेल भागातल्या बायकांवर ब्राउन आणि हॅरिस यांनी केलेला नैराश्याचा अभ्यास १९७८ सालचा. फॉर्मवर चार चौकोन न देता त्यांनी लांबलचक मुलाखती घेतल्या, मग काटेकोर नियमांनी त्यांचं मोजमाप केलं. संकट आल्यावर कोणती बाई कोसळते? घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर काम नाही, लहानपणीच आई गेलेली, आणि मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, ही त्यांनी काढलेली कारणं. त्यातलं शेवटचं वाचताना मला ओसरीवरची ती बाई आठवली. कोनालेच नोतं सांगतलं. तिने नैराश्याचं एक प्रमुख कारण मला स्वतःहून सांगितलं होतं आणि माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता. तिला जवळचं माणूस नव्हतं. दहा मिनिटांसाठी मी झाले, आणि उठून गेले.

तर माझं म्हणणं काय? समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या विभागांना एक सांगणं. विद्यार्थिनीला एक प्रश्नावली द्या आणि पदवीआधी तिला ती मोडून दाखवायला लावा. कोणता प्रश्न या गावात लागू नाही, का नाही, हे पाच बायांशी बोलून लिहून आणायला सांगा, आणि त्याला काय-स्क्वेअरइतकेच गुण द्या. साठाऐवजी वीस मुलाखती घ्या म्हणा, पण प्रत्येकीत कोण शेजारी बसलं होतं ते लिहायला लावा. नववा प्रश्न विचारायच्या आधी "हो" आलं तर काय करायचं याचा सराव घ्या. मला तो कुणी दिला नाही.

आमच्या भागात येणाऱ्यांना सांगणं याहून थोडं. जे नेलं त्याचं काय झालं ते परत येऊन, मराठीत, त्याच ओसरीवर सांगा. सांगायचं नसेल तर येऊ नका. आम्ही आता दोन गावांत तसा ठरावच केला आहे, ग्रामसभेत नाही जमला, गटात केला.

आणि आपल्याला. तिमाहीत एक शिबिर आकड्यांचं घ्या. टक्केवारी काढता न येणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत हे खरं नाही. कापसाच्या मजुरीचा किलोमागचा हिशेब त्या तोंडी करतात आणि काट्यात मारलेलं पकडतात. सरासरीने कुणाची बाजू झाकली जाते हे त्यांना माझ्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळलं.

आमच्या यादीतल्या नवव्या प्रश्नाबद्दल गटात दोन बैठका भांडण झालं. शेवटी असं ठरलं की तो सर्वांत शेवटी विचारायचा, बाई एकटी असेल तरच. विचारणारी त्याच गावची हवी, आणि दुसऱ्या दिवशी घरी असणारी हवी. "हो" आलं तर फॉर्म मिटवून ठेवायचा आणि बसायचं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिच्या घरात नव्हे, विचारणारीच्या पदरच्या चिठ्ठीवर असावा, कारण घरातला कागद घरातले वाचतात. पुढे कुणी सोबत न्यायचं, दवाखान्यात की माहेरी, ते तिला विचारून. एक सदस्य म्हणाली, अशाने कितीतरी फॉर्म अर्धे राहतील, मग मोजायचं कसं? अर्धे किती राहिले आणि का राहिले, तेच मोजायचं असं ठरलं.

एक प्रश्न मात्र अजून जमलेला नाही. मूळ यादीत सहावा आहे, आपण अपयशी ठरलो, घरच्यांना निराश केलं असं वाटतं का, असा. "अपयशी" म्हटलं तर एकजण म्हणाली, "बसली होती काय मी परीक्षेले?" "मनाला खातं का" म्हटलं तर बायका पोरीच्या लग्नाचं सांगतात, "चुकलं वाटते का" म्हटलं तर देवाचं. आमच्याकडे सध्या त्या जागी कोरी ओळ आहे. कोणत्या गटाकडे यासाठी शब्द असेल, वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी, कोणताही, तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. वेचणी सुरू व्हायच्या आत हवा आहे.